एब्बाच्या सत्तरीचं गाणं

सन २०१२, मे महिन्याचा शेवटचा रविवार. त्या वर्षी ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा पिन्सेचा सण नेमका त्याच दिवशी आला होता, त्यामुळे रविवार-सोमवार दोन्ही दिवस बेटावरची दुकानं बंद. कुंपणाला लायलॅक इतका फुलला होता की एब्बाच्या खोलीची खिडकी उघडली की औषधांचा वास थोडा वेळ तरी मागे सरायचा. माझी धाकटी बहीण एब्बा त्या दिवशी सत्तर वर्षांची झाली.

समुद्रापलीकडच्या ओडेन्स शहरातल्या इस्पितळानं तिला मार्चमध्येच घरी पाठवलं होतं. "घरी बरं वाटेल," असं ते म्हणाले. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि कोणी काही विचारलं नाही. तिचा पलंग पुढच्या खोलीत, समुद्राकडच्या खिडकीला लावून ठेवला होता. सकाळी नर्स येऊन इंजेक्शन देऊन जाई. त्यानंतर दुपारपर्यंत एब्बा जागी असायची, अगदी पहिल्यासारखी, तिखट जिभेची. मग ती झोपेत बुडायची. त्या आठवड्यात तो जागा वेळ रोज थोडा थोडा आखडत चालला होता.

एब्बा गाणी करायची. म्हणजे कवयित्री वगैरे नव्हे, ती पोस्टात नोकरीला होती. पण बेटावर कोणाचं लग्न, कोणाची पंचविशी, कोणाच्या पोराचं चर्चमधलं कन्फर्मेशन, काहीही असलं की लोक तिच्या दारात. ओळखीच्या चालीवर ती आठ-दहा कडवी रचायची. ज्याचा समारंभ त्याच्या खोड्या, फजित्या, सगळं त्यात यायचं. माझ्या लग्नाच्या पंचविशीला तिनं माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर कडवं केलं होतं, त्यात धुक्यातली जहाजं त्याचं घोरणं ऐकून बंदराला लागत असत. तो ते कडवं मरेपर्यंत मिरवत होता.

तिचा एकच हट्ट असायचा. गाणं नीट छापलेलं हवं, वर चालीचं नाव हवं, कोपऱ्यात एखादं चित्र हवं आणि कागद गुंडाळून लाल फितीनं बांधून प्रत्येकाच्या ताटाशेजारी ठेवलेला हवा. शेजारच्या व्हिलीनं एकदा मेव्हण्याच्या वाढदिवसाला हातानं लिहिलेले कागद वाटले, तेव्हा एब्बा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "व्हिली, मी आधी वाटाणे आणू का बटाटे? ही वाणसामानाची यादी आहे ना?"

"साऱ्या बेटाची गाणी मी केली," ती नेहमी म्हणायची, "माझं मात्र कोणी करायचं नाही. तुम्हा कोणालाच यमक जुळवता येत नाही." वर्षानुवर्षं हे ती हसत म्हणायची. त्या वसंतात एकदा म्हणाली तेव्हा हसली नाही. खिडकीकडे बघत होती. तेव्हा खोलीत मी होते आणि दारात एगोन होता, तिचा नवरा.

एगोन फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा. त्याआधी तरुणपणी मोठ्या जहाजांवरून जग फिरला होता. एवढी वर्षं इंजिनाच्या खोलीत काढल्यामुळे कानानं अर्धा, आणि बोलणं मुळातच बेताचं. त्या माणसानं बायकोसाठी गाणं रचायला घेतलं. कोणाला न सांगता, मागच्या खोलीत, कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत. शनिवारी दुपारी फेरीनं डोर्ते आली, त्यांची मुलगी, ओडेन्सला शाळेत शिकवते. तिला आणि मला त्यानं स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं आणि सांगितलं, "झालंय. उद्या छापायचं. तिला कळता कामा नये."

"बाबा, यमकं जुळली?" डोर्तेनं विचारलं.

"काही जुळली. काहींना जरा हातोडी मारावी लागली."

त्याच संध्याकाळी त्यानं डोर्तेकडून आणखी एक गोष्ट करून घेतली. घरातल्या वायफायचं नाव म्हणजे नुसता आकड्यांचा ढीग होता, तो कोणाच्या लक्षात राहत नसे. एगोन म्हणाला, "उद्या पाहुणे येतील, सगळ्यांच्या मोबाइलवर ते दिसेल. तिथे काहीतरी चांगलं लिही." काय लिहू, तर म्हणाला, "स्योदे एब्बा." लाडके एब्बा. लग्न झाल्यापासून तो तिला हेच म्हणायचा. ओरडायचं असलं तरी आधी 'स्योदे' आणि मग ओरडणं.

रविवारी सकाळी नर्स गेल्यावर एब्बानं आपल्या टॅबलेटवर ते नाव पाहिलं. पहिल्यांदा तिला कळेना. मग इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. "सत्तर वर्षं जमिनीवर काढली, रिगमोर," मला म्हणाली, "आता कुठे माझं नाव हवेत गेलं." माझ्याही मोबाइलवर डोर्तेनं ते जोडून दिलं. एगोननं अंगणात काठीवर झेंडा चढवला, आमच्याकडे वाढदिवसाला देशाचा झेंडा लावतात. वारा होता. झेंडा लगेच उलगडला. ती सकाळ चांगली होती. आजही ती सकाळ मला तिथपर्यंतच आठवायला आवडते.

मग एगोन मागच्या खोलीत गेला आणि त्यानं छापण्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, प्रिंटर सापडत नाही.

"तुझ्या समोर तर आहे," एगोन कॉम्प्युटरला म्हणाला.

प्रिंटर खरंच समोरच होता, काळा, खोक्यासारखा, दिवा लागलेला. एगोननं तो बंद करून चालू केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटरमधल्या यादीत प्रिंटरचं नाव शोधलं आणि तिथेच फसला, कारण नाव होतं, पण फिकट, करडं, कितीही दाबलं तरी जागं होईना. शेजारी लिहिलेलं, जोडलेला नाही. जणू या घरात तो कधी विकत आणलाच नव्हता.

डोर्ते आली. तिनं आपल्या परीनं बरोबर सांगितलं. "बाबा, काल आपण नाव बदललं ना? मग प्रिंटरलाही नवं नाव दाखवायला हवं." प्रिंटरला एक इवलीशी खिडकी होती, तीत आसपासच्या वायफायची नावं दिसत. ते दोघं वाकून बघू लागले. व्हिलीचं होतं. मागच्या बाजूला सुट्टीच्या घरात राहायला आलेल्या जर्मन कुटुंबाचं होतं. आमचं नव्हतं.

"जर्मनांचं दिसतं आणि घरचं दिसत नाही," एगोन म्हणाला. "हा कोणाच्या पगारावर आहे?"

"जुनं नाव परत देऊन बघू का?"

"नावाला काय झालंय? तुझ्या मोबाइलला दिसतं, रिगमोरला दिसतं, कॉम्प्युटरला दिसतं. स्पेलिंग चुकलंय का? नाही. मग नाव नाही बदलायचं. तिनं पाहिलंय ते. दोष या डब्याचा आहे."

तो म्हणाला ते आम्हाला पटलं. मी स्वतः त्या नावाकडे पुन्हा पुन्हा बघितलं, त्यात मलाही काही वावगं दिसलं नाही.

"वायर लाव," मी म्हणाले. "पूर्वी वायर होती ना?"

एगोन खणापाशी गेला, तो उघडला आणि तसाच उभा राहिला. खण स्वच्छ होता, तळाशी फुलाफुलांचा कागद. एप्रिलमध्ये एब्बानं पलंगावरून हुकूम सोडून सोडून सगळं घर आवरून घेतलं होतं. जुन्या वायरी, चार्जर, किल्ल्या, सगळं पिशव्यांत भरून टाकायला लावलं होतं. "माझ्यामागे तुला हा कचरा उपसायला नको," असं म्हणाली होती. पिशव्या कचऱ्याच्या आवारात मीच नेऊन टाकल्या होत्या.

मी पुढच्या खोलीत गेले. एब्बा उशांना टेकून बसली होती, डोर्तेनं विंचरलेले केस, अंगावर निळी शाल.

"एगोन कुठंय?"

"येतोय. जरा काम आहे."

"वाढदिवस माझा आणि काम त्याला?" मग डोळे बारीक करून, "काहीतरी शिजतंय, हो ना? तुझं तोंडच सांगतंय. लहानपणी भेटवस्तू लपवायला तुला कधी जमलं नाही."

"मला काही माहीत नाही."

"बरं. त्याला सांग, काय असेल ते असू दे. इथे येऊन बस म्हणावं. आज मी जरा लवकर दमेन असं वाटतंय."

मी हे एगोनला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं तोवर प्रिंटरच्या मागचं झाकण उघडलं होतं आणि हातात छोटा स्क्रूड्रायव्हर होता. मान वर न करता म्हणाला, "दोन मिनिटं. सांग तिला, दोन मिनिटांत आलो."

"दोन मिनिटं!" एब्बा म्हणाली. "माझी प्रसूती झाली त्या दिवशीही फेरीवरून त्यानं हाच निरोप पाठवला होता. डोर्ते दोन दिवसांची झाली तेव्हा उगवला."

मग त्यानं जे केलं ते आठवलं की मला आजही हसावं की काय करावं ते कळत नाही. वायफायचं यंत्र होतं पुढच्या खोलीत, एब्बाच्या खिडकीच्या कठड्यावर. एगोनच्या डोक्यात आलं की अंतर जास्त पडत असेल. म्हणून त्यानं प्रिंटर दोन्ही हातांत उचलला, वरून चादर टाकली, डोर्ते मागे विजेची लांब तार धरून, आणि अशी ती वरात एब्बाच्या पलंगाशेजारून खिडकीकडे निघाली.

"स्योदे एगोन," एब्बा म्हणाली, "या वयात आपल्याला बाळ झालं?"

"बघू नकोस," एगोन म्हणाला.

"मुलगा की मुलगी?"

"एब्बा, बघू नकोस म्हटलं ना."

"तुझ्यावर गेलंय का? चौकोनी दिसतंय."

डोर्ते हसता हसता रडायला लागली. एगोन मात्र हसला नाही. चादरीखाली तोंड घालून तो त्या इवल्या खिडकीत बघत होता. व्हिली होता, जर्मन होते. यंत्र हातभर अंतरावर होतं, त्याचे हिरवे दिवे चमकत होते. घरचं नाव नव्हतं. एब्बानं हात लांब करून त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"बस ना जरा. राहू दे ते."

"आलोच, हे एवढं..." म्हणत त्यानं बाही हळूच सोडवून घेतली आणि तसाच, प्रिंटर उराशी धरून, मागच्या खोलीत गेला.

त्यानंतर तो त्या खोलीत आला, तेव्हा उशीर झालेला होता.

दुपारी पाहुणे यायला लागले. पोस्टातल्या तिच्या मैत्रिणी, चर्चच्या गायनमंडळातली माणसं, व्हिली आणि त्याची बायको. बागेत लांब टेबल मांडलं होतं, टेबलावर कागदी झेंडे, मधोमध सायीचा तीन थरांचा केक. प्रत्येकाची नजर आधी ताटाशेजारी जाई. तिथे गुंडाळलेला कागद नाही हे पाहून माणसं एकमेकांकडे बघत आणि खुर्ची ओढून बसत. एब्बाला एकेकानं आत जाऊन भेटायचं असं ठरलं होतं. आधी दोघीजणी जाऊन आल्या, तिसरी गेली तेव्हा एब्बा बोलता बोलता थांबायला लागली होती.

मी मागच्या खोलीत गेले. "एगोन, आता पुरे. मला दाखव, मी हातानं लिहिते. बाहेर एवढे लोक आहेत, प्रत्येकानं एकेक प्रत केली तर लगेच होईल."

"हातानं नाही."

"ती चेष्टेत म्हणाली होती ते!"

"चेष्टेत नाही. तिची सगळ्यांना छापलेली मिळाली. तिचं स्वतःचं हातानं लिहिलेलं?" त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. कपाळाला शाईचा डाग, हातांना शाई. "रिगमोर, मी बोटीची इंजिनं भर समुद्रात खोलून परत जोडली आहेत. हा एक डबा आहे. मला जमेल."

व्हिली आत डोकावला. "माझा प्रिंटर घे की! शाई वाळलीय म्हणा, पण रेघा रेघा तरी येतील."

"बाहेर जाऊन केक खा, व्हिली," एगोन म्हणाला.

माणसाला एका खोलीत जाववत नसलं की तो दुसऱ्या खोलीत काम काढतो. मी असं किती घरांत पाहिलंय. पण तो तिला टाळत होता असं म्हटलं तर तेही पुरतं खरं नाही. तो तिच्यासाठीच तिथे होता. बटण दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा.

मी परत गेले तेव्हा डोर्ते आईचा हात धरून बसली होती. एब्बाचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती.

"रिगमोर, गाणं आहे ना?"

आता लपवून काय करायचं होतं? "हो," मी म्हणाले. "एगोननं केलंय."

"एगोननं!" तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "यमकं कशी आहेत?"

"काहींना हातोडी मारलीय म्हणाला."

"मग म्हणा ना लवकर."

मी धावले. या वयात जितकं धावता येतं तितकं. एगोनला म्हटलं, "ऊठ, तिला कळलंय, ती वाट बघतेय, पडद्यावर बघून तूच वाचून दाखव." तो उठला. खरंच उठला. पण मग त्यानं जाता जाता आणखी एकदा बटण दाबलं आणि काय होतं ते बघायला थांबला. तेवढ्यात डोर्ते दारात आली. तिनं बाबांचा हात धरून बटणावरून बाजूला केला. सांगावं लागलं नाही.

बाहेर बागेत कपबश्या वाजत होत्या. कोणीतरी हसत होतं. मीच जाऊन त्यांना सांगितलं.

एगोन पलंगाशेजारी बसला, शाईचे हात मांडीवर ठेवून. तिच्या शालीला डाग लागेल म्हणून तो तिला हातही लावत नव्हता. मी ओला टॉवेल आणून त्याचे हात पुसले, तेव्हा लहान मुलासारखे पुढे केले त्यानं. मग त्यानं तिचा हात धरला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. पाहुणे गेले नव्हते, सगळे बागेत उभे होते. डोर्ते मोबाइलवर आपल्या मुलांना फोन लावत होती आणि दर वेळी पडद्यावर ते नाव दिसत होतं, स्योदे एब्बा, वर हिरव्या खुणेसह, जोडलेलं आहे म्हणून. एकदम ती म्हणाली, "मला नाही बघवत हे, मावशी," आणि तिथेच जमिनीवर बसून तिनं ते नाव काढून टाकलं. पूर्वीचा आकड्यांचा ढीग परत दिला.

मागच्या खोलीत खडखड झाली.

पहिल्यांदा मला वाटलं कोणीतरी आत गेलंय. मग कागद ओढल्याचा आवाज आला, मग आणखी एक. आम्ही दोघी गेलो. प्रिंटर चालू होता. कॉम्प्युटरसमोर कोणी नव्हतं. एगोननं सकाळपासून जितक्या वेळा बटण दाबलं होतं ते सगळं आत साठून राहिलं होतं, आणि आता एकेक पान बाहेर येत होतं, गाणं, गाणं, पुन्हा तेच गाणं, वर चालीचं नाव, कोपऱ्यात फेरीबोटीचं चित्र. ट्रे भरला, कागद जमिनीवर घसरायला लागले. आम्हाला तो थांबवता येईना, खरं म्हणजे थांबवायला हात पुढे होईना. कागद संपले तेव्हा तो लाल दिवा लावून थांबला.

डोर्ते त्या कागदांच्या मधोमध उभी होती. "ते अक्षर," ती म्हणाली. "मावशी, ते अक्षर याला येत नाही."

'स्योदे'मध्ये आमचं ते अक्षर आहे, ø, गोल आणि त्यावर तिरपी रेघ. परदेशी बनावटीच्या त्या डब्याला ते अक्षर ठाऊकच नव्हतं, म्हणून ज्या नावात ते आहे ते नाव त्याला दिसतच नव्हतं. आमच्यापैकी एकाच्याही मनात ते आलं नाही, कारण आमच्यासाठी ते काही वेगळं अक्षर नाही. नुसतं ते एक अक्षर लिहिलं तरी आमच्या भाषेत त्याचा अर्थ होतो बेट. आम्ही त्या अक्षरावर राहतो. ते कोणाला दिसत नसेल असं कसं सुचावं?

एगोनला तिनं हळूच सांगितलं. त्यानं एब्बाचा हात सोडला नाही. मग म्हणाला, "ग्र्योन." हे त्याचं आडनाव, त्यातही तेच अक्षर. "सिंगापूर, सँटोस, बाल्टिमोर. एकाही बंदरात कोणाला माझं आडनाव लिहिता आलं नाही. दर वेळी ते अक्षर मोडून दोन अक्षरं करून द्यायचो. मी स्वतः करून द्यायचो." आणि थोड्या वेळानं, "मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं. मला कळायला हवं होतं."

मग तो उठून अंगणात गेला. आमच्याकडे घरातलं कोणी वारलं की झेंडा आधी टोकापर्यंत चढवायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. पण वाढदिवसाचा झेंडा सकाळपासून टोकाला होताच. त्याला फक्त खाली ओढायचं काम उरलं होतं. सगळे बघत होते. व्हिलीनं टोपी काढली. दोर धरून एगोन तसाच थांबला, मग हळूहळू झेंडा अर्ध्यावर आला.

त्या कागदांचं काय करायचं असा प्रश्न पडला. डोर्ते म्हणाली, दफनाच्या दिवशी चर्चमध्ये म्हणू या. एगोन नको म्हणाला. वाढदिवसाचं गाणं वाढदिवसालाच म्हणायचं असतं, एब्बानं दुसरं काही चालू दिलं नसतं. ते कोणीच कधी म्हटलं नाही. मी वाचलंय. यमकांना खरंच हातोडी मारलेली आहे. एक कडवं असं आहे:

बोट चालते तेलावर,
एगोन तुझ्या ओरडण्यावर.
तेल संपलं, आणू दुसरं,
तुझ्यावाचून कसं चालणार?

एब्बा म्हणाली असती, शेवटच्या ओळीत चाल लंगडतेय.

व्हिली दुसऱ्याच वर्षी हृदयविकारानं गेला, त्याच्या दफनाला छापलेले कागद नव्हतेच. त्याची बायको मुलाकडे जटलंडला गेली. डोर्तेनं शाळा सोडली नाही, आता ती निवृत्तीला आली आहे. तिच्या घरात प्रिंटर नाही. काही छापायचं असलं की शाळेत छापते. एगोन आणखी चार वर्षं जगला, एकटा, त्याच घरात. प्रिंटर त्यानं फेकला नाही आणि पुन्हा चालूही केला नाही, त्यावर एब्बाची जिरॅनियमची कुंडी ठेवली होती. त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तो वाणसामान लिहायचा. वाटाणे, बटाटे, कॉफी. गेला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात असाच एक कागद सापडला आणि डोर्तेनं उलटून पाहिला नाही, तसाच त्याच्याबरोबर ठेवला. घर आता कोपनहेगनच्या एका जोडप्याचं आहे, ते उन्हाळ्यात येतात. झेंड्याची काठी त्यांनी काढून टाकली.

मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि मार्स्टालच्या वृद्धाश्रमात राहते. बेटावरच. मोबाइल दोनदा बदलला, डोर्तेनं दर वेळी जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून दिलं. त्यामुळे पूर्वी कधी जोडलेली सगळी नावं अजून त्यात एकाखाली एक आहेत. बोट खाली खाली नेलं की ते येतं. स्योदे एब्बा. माझ्या फोनला ते अक्षर नीट येतं, रेघेसकट. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आवाक्यात नाही.